टेबल समोर दिसतंय, तरी सर्व्हर म्हणतो 'नाही': नावातल्या कॅपिटल-स्मॉलचा घोळ

ही तक्रार माझ्याकडे वर्षातून दोन-तीनदा तरी येते, आणि फोन करणारा माणूस दरवेळी एकच वाक्य म्हणतो: "अहो, टेबल समोर दिसतंय हो!" डेटाबेसमधलं ते टेबल खरंच समोर असतं. कोड त्याला ज्या नावाने हाक मारतोय, ते मात्र त्याचं नाव नसतं.

अलीकडचं प्रकरण एका पतसंस्थेचं. ठेवी आणि सभासदांचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या विंडोज मशीनवर झॅम्प (वेब सर्व्हर आणि मायएसक्यूएल जातीचा डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) टाकून तीन वर्षं बिनतक्रार चाललेलं. दुसरी शाखा उघडायची ठरली, म्हणून सगळं लिनक्सच्या सर्व्हरवर हलवलं. डंप (डेटाबेसची फाइलमधली नक्कल) घेतला, वर चढवला, लॉगिन करून पाहिलं. उघडलं. सोमवारी पहिली ठेव पावती काढायला गेले, तर लाल अक्षरात एरर ११४६: टेबल डझन्ट एक्झिस्ट. पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडलं तर टेबल जागेवर, आतल्या नोंदीही जागेवर.

कोडमध्ये नाव होतं सभासदमास्टर, रोमन लिपीत, एस आणि एम कॅपिटल. सर्व्हरवर तेच नाव होतं, पण सगळी अक्षरं स्मॉल. लॉगिन चाललं, कारण लॉगिनचं पान दुसऱ्या मुलाने लिहिलं होतं आणि त्याला सगळं स्मॉलमध्ये लिहायची सवय होती. काही पानं चालतात आणि काही पडतात, हीच या दुखण्याची खूण. पासवर्ड किंवा परवानगीची चूक असती तर बहुधा सगळीच पानं एकदम पडली असती.

पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीत. देवनागरीला कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी कुठलं अक्षर मोठं हे मला सांगावं लागणार आहे. ज्यांचं वाचन देवनागरीत घडलं त्यांच्या डोळ्याला हा फरक पटकन टोचत नाही, असं मला मनापासून वाटतं. आपण शब्द वाचतो आणि उच्चार जुळला की पुढे जातो. म्हणून डोळ्यावर विसंबू नका. नाव कॉपी करा, दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवा आणि मग जुळवा.

हात लावण्याआधी काय पाहायचं

पहिलं, एररमधलं नाव जसंच्या तसं उचला. लिनक्सवरचा मायएसक्यूएल सर्व्हर कोडने जे नाव मागितलं तेच छापतो, कॅपिटलसकट. दुसरं, सर्व्हरवर 'शो टेबल्स' चालवा आणि खरं नाव उचला. दोन्हीत फक्त अक्षरांच्या आकाराचा फरक असेल तर निदान झालं. स्पेलिंगच वेगळं असेल, किंवा टेबल भलत्याच डेटाबेसमध्ये असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

तिसरं, जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर 'शो व्हेरिएबल्स लाइक' लिहून 'लोअर_केस_टेबल_नेम्स' या सेटिंगची किंमत पाहा. विंडोजवर बहुधा १ दिसेल, लिनक्सवर ०, मॅकवर २. आपली सगळी कथा या तीन आकड्यांत आहे.

असं का होतं

मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक डेटाबेससाठी डिस्कवर एक फोल्डर असतो आणि टेबलासाठी त्या फोल्डरात किमान एक फाइल. म्हणजे टेबलाचं नाव हे शेवटी फाइलचं नाव. लिनक्सच्या फाइल सिस्टिमला कॅपिटल एस आणि स्मॉल एस ही दोन वेगळी अक्षरं, तर विंडोजला एकच. डेटाबेसने हा स्वभाव खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतला. एसक्यूएलच्या व्याकरणाशी याचा काही संबंध नाही, म्हणूनच सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर हे शब्द कसेही लिहिले तरी चालतात.

किंमत ० असेल तर नाव जसं दिलं तसं साठवलं जातं आणि जुळवतानाही अक्षर न अक्षर पाहिलं जातं. किंमत १ असेल तर नाव आधी स्मॉल केलं जातं, मग साठवलं जातं. शोधतानाही आधी स्मॉल. किंमत २ मध्ये दिलेलं रूप जपायचा प्रयत्न होतो, पण तुलना स्मॉल करून होते, आणि इनोडीबीची (मायएसक्यूएलची नेहमीची साठवण-पद्धत) टेबलं तिथेही स्मॉल नावानेच ठेवली जातात.

पतसंस्थेत काय घडलं ते आता उलगडतं. टेबल बनवताना एस आणि एम कॅपिटल लिहिले होते, पण विंडोजवरच्या सर्व्हरने त्याच क्षणी ते स्मॉल करून ठेवले. तीन वर्षं कोड कॅपिटलने हाक मारत राहिला आणि सर्व्हर ती हाक दरवेळी स्मॉल करून ऐकत राहिला. डंपमध्ये उतरली ती स्मॉल नावं. लिनक्सवर चढलीही तीच. हाक स्मॉल करून ऐकणारं मात्र आता कोणी उरलं नव्हतं. म्हणून "डंप घेताना नावं बिघडली" हे खरं नाही. नावं पहिल्या दिवसापासून स्मॉलच होती.

सेटिंग बदलण्याचा मोह

इथे जवळजवळ प्रत्येकजण एकच गोष्ट करू पाहतो: लिनक्सवरही किंमत १ करायची आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. चालू सर्व्हरवर हे करू नका.

मायएसक्यूएल ८.० मध्ये, म्हणजे २०१८ नंतरच्या मालिकेत, टेबलांची माहिती सर्व्हरच्या आतल्या डेटा डिक्शनरीत असते, आणि ही किंमत सर्व्हर पहिल्यांदा तयार होताना एकदाच ठरते. नंतर बदललीत तर सर्व्हर उठणारच नाही. लॉगमध्ये सर्व्हरची आणि डेटा डिक्शनरीची किंमत वेगळी असल्याची ओळ दिसेल. ती दिसली तर घाबरून डेटा फोल्डर पुसायला जाऊ नका. हे मी कळकळीने सांगते, कारण 'पुन्हा इन्स्टॉल करून पाहू' म्हणत आतला डेटा घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. कॉन्फिग फाइलमध्ये किंमत पूर्वीची करा, सर्व्हर उठेल, डेटा जिथल्या तिथे असेल.

५.७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत सर्व्हर उठतो, पण तिथे वेगळा खड्डा आहे. आधीपासून कॅपिटल नावाची टेबलं असतील तर किंमत १ केल्यावर ती हाताला लागत नाहीत. सर्व्हर स्मॉल नाव शोधतो, डिस्कवर कॅपिटल नाव असतं. म्हणून तिथेही आधी सगळी टेबलं स्मॉल नावाची करायची आणि मगच किंमत बदलायची.

उलट दिशेने, म्हणजे विंडोजवर जबरदस्तीने ० करणं, हा तर विचारही नको. फाइल सिस्टिम जो फरक पाळत नाही तो सर्व्हर पाळू पाहील, आणि मायआयसॅमची (जुन्या साठवण-पद्धतीची) टेबलं दोन वेगळ्या रूपांनी उघडली गेली तर इंडेक्स खराब होऊ शकतात.

सर्व्हर अगदी नवा, रिकामा असेल तर गोष्ट वेगळी. डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) अधिकृत इमेज पहिल्यांदा चालवताना, व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) रिकामा असतानाच, ही किंमत द्या. अ‍ॅमेझॉन आरडीएसवर (भाड्याने मिळणाऱ्या डेटाबेस सर्व्हरवर) ८.० घेत असाल तर इन्स्टन्स बनवण्याआधी पॅरामीटर ग्रुपमध्ये ठेवा. डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेज टाकताच सर्व्हर तयार होऊन जातो, म्हणून नंतर कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं उशिराचं ठरतं. तिथे मायएसक्यूएलच्या अधिकृत पॅकेजसाठी डेबकॉन्फमध्ये (पॅकेजचे पर्याय ठरवायची सोय) हा पर्याय इन्स्टॉल करण्याआधीच चालू करावा लागतो.

मग खरा उपाय

कोड बदलायचा. टेबलाचं नाव सगळीकडे स्मॉल, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्ही किमतींखाली चालणारं हे एकच रूप आहे.

आधी पूर्ण बॅकअप. मग सर्व्हरवर कुठल्या नावांत कॅपिटल आहे ते काढा: इन्फर्मेशन_स्कीमाच्या (सर्व्हरने ठेवलेल्या सगळ्या टेबलांच्या माहितीच्या) टेबल्स या व्ह्यूमधून (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) फक्त आपल्या डेटाबेसपुरतं टेबल_नेम मागवा आणि अट घाला की बायनरी टेबल_नेम हे लोअर टेबल_नेमच्या बरोबर नसावं. बायनरी हा शब्द गाळू नका. तो नसेल तर काही सर्व्हरवर तुलनाच कॅपिटल-स्मॉल न पाहता होते, यादी रिकामी येते आणि आपण उगाच निर्धास्त होतो.

यादीतलं एकेक टेबल रिनेम करा. लिनक्सवर 'रिनेम टेबल' ला कॅपिटल रूपाचं स्मॉल रूप थेट करता येतं, मध्ये तात्पुरतं नाव लागत नाही. इनोडीबीतल्या फॉरेन कीज (एका टेबलाचा दुसऱ्याशी दुवा) नवं नाव आपोआप धरतात. व्ह्यू, स्टोअर्ड प्रोसिजर आणि ट्रिगर (सर्व्हरवरच साठवलेला कोड) यांच्या आत लिहिलेली नावं मात्र कोणी बदलून देत नाही. ती रिनेमनंतर गप्प बसतात आणि महिनाअखेरीला व्याज काढायची प्रोसिजर चालवली की बोंब होते. म्हणून प्रत्येक प्रोसिजरचा मजकूर काढून वाचा.

कोडमध्ये शोधताना फ्रॉम, जॉइन, इन्टू आणि अपडेट या शब्दांनंतरची नावं ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) काढली की नव्वद टक्के काम होतं असं वाटतं. उरलेलं जास्त छळतं: नावाचे तुकडे जोडून बनवलेल्या क्वेरी. 'ठेव' पुढे वर्ष जोडून टेबलाचं नाव तयार करणारा कोड पतसंस्थेत निघाला, आणि तो कुठल्याच शोधात सापडला नव्हता. सर्व्हरचा जनरल क्वेरी लॉग (आलेली प्रत्येक क्वेरी लिहून ठेवणारी फाइल) एक दिवस चालू ठेवला तर अशी नावं हाती लागतात. गर्दीच्या सर्व्हरवर तो लॉग फार लवकर फुगतो, तेव्हा डिस्कवर लक्ष ठेवा.

टेबलाच्या टोपणनावालाही लिनक्सवर हाच नियम. टेबलाला स्मॉल एम असं टोपणनाव देऊन व्हेअरमध्ये कॅपिटल एम लिहिलात तर एरर येते, पण ती ११४६ नसते. ती १०५४, अननोन कॉलम. माणूस कॉलम शोधत बसतो आणि कॉलम तर आहेच. मायएसक्यूएलमध्ये कॉलमच्या नावाला कॅपिटल-स्मॉलचा फरक कुठल्याच प्लॅटफॉर्मवर नसतो, दोष टोपणनावाचा.

सगळा कोड एका रात्रीत बदलणं शक्य नसेल तर एक तात्पुरता पूल बांधता येतो. किंमत ० असलेल्या सर्व्हरवर कॅपिटल नावाचा एक व्ह्यू बनवा, जो स्मॉल टेबलातून सगळे कॉलम देतो. जुना कोड वाचेलही आणि लिहीलही. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. टेबलात पुढे नवा कॉलम घातलात तर तो व्ह्यूमध्ये येत नाही, कारण कॉलमची यादी व्ह्यू बनवताना गोठते. आणि असा डेटाबेस विंडोजवर परत न्यायची वेळ आली की दोन्ही नावं एकमेकांवर आदळतात. पूल आठवडाभरासाठी ठेवा, मग पाडा.

एरर न येणारा प्रकार, जो मला जास्त भीतीचा वाटतो

११४६ निदान ओरडून सांगते. याच घोळाचा एक प्रकार काहीच बोलत नाही.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सुरू होताना 'क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स' चालवायची पद्धत असते. विंडोजवर ते निरुपद्रवी असतं, टेबल आधीच असतं. लिनक्सवर डंपमधून आलेलं स्मॉल टेबल असतं, कोड कॅपिटल नावाने विचारतो, सर्व्हर म्हणतो असं काही नाही, आणि कॅपिटल नावाचं नवं, रिकामं टेबल तयार होतं. एरर नाही. वापरणाऱ्याला दिसतं ते इतकंच: जुन्या नोंदी गायब. त्यातच घाईने नव्या नोंदी टाकायला सुरुवात होते. काही पानं स्मॉल नावाने लिहितात, काही कॅपिटल नावाने, आणि एकाच खात्याचे व्यवहार दोन टेबलांत विभागले जातात. पैशांच्या हिशेबात हे घडलं तर किती दिवस कळणार नाही, सांगता येत नाही.

'जुना डेटा दिसत नाही' अशी तक्रार स्थलांतरानंतर आली तर डंप पुन्हा चढवण्याआधी हे पाहा: इन्फर्मेशन_स्कीमामधून, फक्त आपल्या डेटाबेसपुरतं, लोअर टेबल_नेमवर ग्रुप करून एकाहून जास्त मोजणी येणारी नावं मागवा. एक जरी ओळ आली तरी आधी सॉफ्टवेअर बंद करा, म्हणजे विभागणी आणखी वाढणार नाही. मग दोन्ही टेबलांचा वेगवेगळा बॅकअप.

एकत्र करताना एका इन्सर्टने इकडचं तिकडे ढकलू नका. नव्या टेबलाचा ऑटो-इन्क्रिमेंट १ पासून सुरू झालेला असतो, म्हणजे नव्या टेबलातली ५ नंबरची पावती आणि जुन्यातली ५ नंबरची पावती या दोन वेगळ्या माणसांच्या. नव्या नोंदींना जुन्याच्या शेवटच्या क्रमांकापुढचे क्रमांक द्यावे लागतात, आणि ज्या टेबलांत तो क्रमांक संदर्भ म्हणून गेला आहे तिथेही बदलावा लागतो. छापून दिलेल्या पावत्यांवर जुना क्रमांक असेल तर तो वेगळ्या कॉलममध्ये जपा. हे काम हाताने, यादी समोर ठेवून, आणि व्यवहार ओळखणाऱ्या माणसाला शेजारी बसवूनच करा.

पोस्टग्रेसवर तेच दुखणं, कारण वेगळं

पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसला फाइल सिस्टिमशी देणंघेणं नाही. तिथला नियम सगळीकडे सारखा: अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेलं नाव स्मॉल केलं जातं, दुहेरी अवतरणात लिहिलेलं जसंच्या तसं राहतं. एसक्यूएलच्या प्रमाणात असं नाव कॅपिटल करावं असं म्हटलंय, ओरॅकल तसंच करतं, पोस्टग्रेसने उलट वाट धरली.

बहुधा टेबल बनवणारा माणूस नसतो, ओआरएम (कोडमधल्या मॉडेलवरून टेबलं हाताळणारी लायब्ररी) असतो. प्रिस्मा किंवा सीक्वलाइझ मॉडेलचं नाव कॅपिटलसकट दुहेरी अवतरणात देतात. मग तुम्ही पीएसक्यूएल (पोस्टग्रेसची कमांड-लाइन) उघडून अवतरणाशिवाय नाव टाइप करता, सर्व्हर ते स्मॉल करतो आणि म्हणतो: रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट, कोड ४२पी०१. एररमधलं नाव स्मॉल आणि तुम्ही टाइप केलेलं कॅपिटल, हे दिसलं की समजा हाच प्रकार. इथे कॉलमनाही तोच नियम लागतो, मायएसक्यूएलसारखी सूट नाही. मधलं अक्षर कॅपिटल असलेला 'क्रिएटेडअ‍ॅट' सारखा कॉलम अवतरणाशिवाय मागितलात तर मिळणार नाही.

प्रत्येक क्वेरीत अवतरण लावत बसण्यापेक्षा 'ऑल्टर टेबल' ने एकदाच रिनेम करा, जुनं नाव दुहेरी अवतरणात आणि नवं स्मॉल, आणि ओआरएमला ते नाव सांगा. प्रिस्मात त्यासाठी मॅपची सोय आहे. जावावाल्यांसाठी एक ओळ: स्प्रिंग बूट एन्टिटीवर तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नावही मुळातच बदलतो, कॅपिटलच्या जागी अंडरस्कोअर घालून सगळं स्मॉल करतो. 'मी सभासदमास्टर लिहिलं, तो सभासद_मास्टर शोधतोय' याचं कारण ते. डेटाबेस निर्दोष असतो, नेमिंग स्ट्रॅटेजी बदला किंवा तेच नाव स्वीकारा.

ओरॅकलमध्ये ओआरए-००९४२ आली आणि टेबल कोणीतरी अवतरणात बनवलेलं असेल तर गोष्ट हीच. यूझर_टेबल्समध्ये शोधताना अवतरणाशिवाय बनवलेल्या टेबलाचं नाव कॅपिटलमध्ये लिहा आणि अवतरणात बनवलेल्याचं जसंच्या तसं, नाहीतर असलेलं टेबलही दिसणार नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे डेटाबेसच्या कोलेशनवर (अक्षरं जुळवायच्या नियमांवर) ठरतं: नावात सीआय असेल तर फरक नाही, सीएस असेल तर आहे, आणि एरर २०८ येते. एसक्यूलाइटला फरकच पडत नाही, म्हणून त्यावर टेस्ट चालवून पोस्टग्रेसवर जाणाऱ्यांना हा घोळ टेस्टमध्ये कधीच दिसत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

डेव्हलपमेंटचं मशीन विंडोजच राहू दे, पण डेटाबेस डॉकरमध्ये, लिनक्सवर, प्रत्यक्ष सर्व्हरच्याच किमतीने चालवा. चुकीचं नाव मग लिहिल्या दिवशीच पडतं. रेप्लिकेशन (एका सर्व्हरची नक्कल दुसऱ्यावर सतत ठेवणं) असेल तर दोन्ही सर्व्हरवर किंमत एकच ठेवा.

आणि रिनेम संपल्यावर रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट उघडून पाहा. पतसंस्थेत ती शेवटी राहिली होती. मायएसक्यूएलडंपच्या ओळीत महत्त्वाच्या टेबलांची नावं एकेक करून लिहिलेली, सगळी जुन्या कॅपिटल रूपात, आणि 'कुडन्ट फाइंड टेबल' हा संदेश कोणी न उघडणाऱ्या लॉगमध्ये जात होता. सॉफ्टवेअर पाच दिवस सुरळीत चाललं, त्या पाच दिवसांचा बॅकअप मात्र नव्हता. नावं काढून आम्ही पूर्ण डेटाबेसचाच डंप लावला, दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका रिकाम्या सर्व्हरवर चढवला, ठेवींची बेरीज चालू सर्व्हरशी जुळवली, आणि मगच विंडोजचं जुनं मशीन बंद केलं.